मेंदीखालची नखं

"जीभ दाखव बेटा," डॉक्टर म्हणाल्या. मुक्तानं जीभ काढली आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. जांभळं खाल्ल्यासारखी जीभ! जांभळं तर तेव्हा बाजारातही नव्हती.

केदारखेड्याच्या शाळेत मुलांची आरोग्य तपासणी होती. मुक्ता, माझी लेक, सहा वर्षांची. डॉक्टरांनी तिची बोटं हातात घेतली. नखांवर लालभडक मेंदी. "ही कुणी लावली?" मी कौतुकानं म्हणाले, "मीच. दर पंधरा दिवसांनी लावते. नखं काळपट दिसतात ना तिची."

बायांनो, तो काळपटपणा हेच दुखणं होतं आणि मी त्यावर मेंदी थापत होते!

जालन्यात टू-डी इको झाली. म्हणजे हृदयाची सोनोग्राफी; सुई नाही, दुखत नाही. आजाराचं नाव निघालं टेट्रालॉजी ऑफ फॅलो. जन्मापासून हृदयात छिद्र आणि रक्ताची फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. अशुद्ध रक्त चांगल्या रक्तात मिसळतं, म्हणून ओठ, जीभ, नखं निळी पडतात. पळालं की मूल उकिडवं बसतं, तसं बसल्यावर त्याला बरं वाटतं. मुक्ता लंगडी खेळताना अशीच मधेच बसायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो.

आधी दोन दवाखाने झाले होते. दोन्हीकडे एकच उत्तर, पोरीचा रंगच सावळा आहे, रक्तवाढीचं औषध द्या. जालन्याचे डॉक्टर हे ऐकून चिडलेच. "ताई, रंग कितीही सावळा असो, जीभ गुलाबीच पाहिजे." हे वाक्य मी पाठ केलंय. तुम्हीही करा.

पण नुसता दवाखान्यांवर राग काढून काय उपयोग? तिच्या गोऱ्यापान भावाला, यशला, साधी शिंक आली तरी आम्ही भोकरदनचा दवाखाना गाठायचो. हिला मात्र, ती उजळावी म्हणून, मी रोज डाळीचं पीठ आणि साय चोळायचे. रोज रंग बघितला, ओठ बघितले नाहीत. सांगायला लाज वाटते, तरी सांगते.

ऑपरेशन संभाजीनगरला ठरलं आणि सासूबाई आडव्या आल्या. "पोरीच्या छातीवर येवढी चीर? उद्या तिला कोण करून घेईल? मोठी झाल्यावर बघू मंग." नवऱ्यानंही मान डोलावली. उशीर केला तर खेळता खेळता जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझा आवाज चढलाच. "यशच्या छातीत असतं तर थांबला असता का तुम्ही?"

सासूबाई उठून आत गेल्या. आता अबोला, मी मनात म्हटलं. त्या बाहेर आल्या त्या पिशवीत लुगडं भरूनच. "मी बी येऊन राह्यले. चला जल्दी."

संभाजीनगरच्या दवाखान्यात नखांवरची मेंदी काही निघेना, तिच्यामुळे बोटावर आकडा नीट येईना. शेवटी प्राणवायू मोजायचा चिमटा नर्सनं कानाच्या पाळीला लावला. मग सहा तास आम्ही दोघी दाराबाहेर. सासूबाईंनी माझा हात धरला होता, लग्नानंतर पहिल्यांदाच. डॉक्टर बाहेर आले. "छिद्र बुजवलं, वाट मोठी केली."

तिसऱ्या दिवशी मला आयसीयूत सोडलं. नळ्यांच्या मधे माझी मुक्ता. मी हळूच म्हटलं, "जीभ दाखव." गुलाबी! अहो, चक्क गुलाबी! मी नर्सला मिठीच मारली.

आता ती लंगडीत यशला हरवते. गळ्याखाली चीर दिसते, दिसू दे.

परवा घरात लग्न होतं. सासूबाई मेंदी भिजवून ओट्यावर बसल्या, समोर गल्लीतल्या पोरींची रांग. "नखाला न्हाई लावायची, तळहात पुढं करा," त्या म्हणाल्या, "आन् आधी जीभ दाखवा." एकेका पोरीची जीभ उन्हात नीट बघून मगच त्या काडी उचलत होत्या. सगळ्यांत लांब जीभ काढली ती मुक्तानं, आणि वेडावते म्हणून तिला कुणी रागावलं नाही.