नदी भरायच्या आत

लग्नानंतरचा माझा तो पहिलाच उन्हाळा. हे भामरागडच्या वाटेवरच्या एका जंगलातल्या गावात मास्तर होते. शाळेला सुटी लागली तसे ट्रेनिंगसाठी चांद्याला गेले. "मिरूग लागायच्या आत येतो," म्हणाले होते. मिरूग चार दिवसांवर आला तरी पत्ता नाही. नदी एकदा भरली की पल्याडची वाट बंद.

घरात बसवेना, म्हणून मी मागची वाडी खणायला घेतली. जमीन तापून दगड झालेली. सब्बल, म्हणजे पहार, मारली की खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. पाच वाफे केले, शेणखत टाकलं, डुकरं शिरू नयेत म्हणून बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. मधूनच सब्बल टाकून नदीच्या वाटेपर्यंत जाऊन यायची. पावसासाठी वाडी करत होते आणि मनात म्हणत होते, आज नको रे येऊ.

शेजारी एक गोंड म्हातारी राहायची. कुंपणावरून तिनं वाफे पाहिले.

"खोल काऊन केले, बाई? पानी साचन, बी सडन. माती वर घे."

पाचही वाफे मोडायचे! मला रडूच आलं.

"तू वाडी करून राह्यली का मास्तरची वाट पाहून राह्यली?"

"दोन्ही."

"मंग दोनी कर. पन वाफे वर घे."

ती स्वतःच फावडं घेऊन आत आली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी वाफे उंच केले. राखेत जपलेलं चवळीचं बीही तिनंच दिलं. शेवटची ओळ टोचत होतो आणि आभाळ भरून आलं.

तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी नदीवर गेले, तर पल्याड डोक्यावर ट्रंक घेऊन हे उभे! नदी आदल्याच दिवशी भरली होती, एका दिवसानं चुकले होते. मी हात हलवला, त्यांनीही हलवला. मधे गढूळ पाण्याचा नुसता घोंघाट. पल्याडच्या गावात ते पाटलाकडे उतरले, रोज काठावर यायचे. मी रोज काठावर जायची, घरी यायची, वाफे पाहायची, पुन्हा काठावर.

चवळी उगवली त्या दिवशी मी धावतच गेले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "म्हातारीची चवळी उगवली!" त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा ओरडले. ते काठावरच मटकन बसले, मान खाली घालून. त्यांना काय झालं ते मला कळेना. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

ते पल्याड आल्यापासून पाचव्या दिवशी पाणी थोडं उतरलं आणि डोंग्यातून ते आले. काठावर पाय ठेवताच हळू आवाजात विचारलं, "काय झालं होतं तिला?"

"कोणाला?"

"शेजारच्या म्हातारीला. वारली म्हणून ओरडलीस ना तू?"

मला हसू आवरेना. काहीच न सांगता त्यांना घरी आणलं. म्हातारी वाफ्यात उकिडवी बसून तण उपटत होती. हे कुंपणाशीच थबकले.

"भूत पाहून राह्यला का, मास्तर?" ती म्हणाली.

यांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या आणि तिच्या शेजारी तण उपटायला बसले. पुढं कितीतरी दिवस पावसाचा जोर वाढला की मी उगीच उठून नदीवर जायची. हे घरातच असायचे, तरी.