उघडा नळ

परदेशात राहणाऱ्या माझ्या ताईच्या परसात लाकडांवर पेटणारा भलामोठा बंब आहे. त्याच्याच गरम पाण्यावर तिचं घर हिवाळा काढतं. मी तिच्याकडे गेले असताना आम्हाला आठवडाभर बाहेरगावी जायचं होतं, म्हणून सत्तरीच्या ताईनं तो आदल्या दिवशीच विझू दिला आणि निघताना बर्फात गुडघे टेकून, खालचा नळ उघडून पार रिकामा केला. मी सवयीनं नळ घट्ट बंद केला.

“अगं, उघडाच राहू दे! उरलंसुरलं पाणी गोठून फुगलं, तर बंब फुटेल.”

घरातून निघताना नळ बंद आहे ना, हे तीनदा बघणाऱ्या आईच्या आम्ही लेकी. अंगात मुरलेली ही सवय ताईनं तिथल्या थंडीत उलटी करून घेतली, याचं मला फार कौतुक वाटलं.

मग ताई गाडीतून तीनदा उतरली. नळ उघडा आहे ना, ते बघायला.