ऑनर्ससाठी गाळलेलं पान

बाबांनी मला तलवारीच्या म्यानाने मारलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि राज्यशास्त्राच्या ऑनर्सला बसले होते. आमचं घराणं संस्थानी शिलेदारांचं. तलवार दसऱ्याला पुजायची आणि वर्षभर भिंतीवर टांगायची, एवढाच पराक्रम उरला होता. त्या दिवशी ते म्यान माझ्या पाठीवर, मनगटावर, परत त्याच मनगटावर उतरलं. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत राहिली. तिचा मला अजून राग येतो, बाबांपेक्षा जास्त.

ऑनर्स हवं तर शेवटच्या वर्षी शोधनिबंध लिहावा लागे आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा द्यावी लागे. माझा विषय होता, दंगलीत गल्ली कोण चालवतं. संचारबंदीत दूध कोण आणतं, पोलिसांशी कोण बोलतं, दगड कोण गोळा करतं. आदल्या वर्षीच बडोद्यात दंगल झाली होती. नाक्यावरचं सायकल दुरुस्तीचं दुकान पेटवताना मी गच्चीवरून दादाला पाहिलं होतं. माझ्या सख्ख्या भावाला. दुकानातले चाचा मागच्या पत्र्यावरून उडी मारून वाचले, पण पायाने कायमचे अधू झाले. मी सगळं लिहिलं. "संशोधिकेचा भाऊ" असं स्वच्छ लिहिलं. ते पान काढलं तर उरली असती नुसती वर्तमानपत्राची कात्रणं.

मग मूर्खपणा केला. अलकापुरीत कॉम्प्युटरवर छापून देणारी दुकानं निघाली होती, तरी मी निबंध दिला आमच्याच गल्लीतल्या टायपिंग क्लासवाल्या काकांना. बडोद्यातल्या मराठी माणसाची ही खोडच आहे, महत्त्वाचं काम असलं की आपला माणूस शोधायचा. आपल्या माणसाने ते पान टाइपच केलं नाही. घडी घालून बाबांच्या हातात नेऊन दिलं.

"छोकऱ्याला बाजव्याच्या कंपनीतून नोकरीचा कॉल आलाय," बाबा मारता मारता ओरडत होते. "डिग्रीपायी सख्ख्या भावाला आत घालतेस?"

दादा दारात उभा होता. "बस करा बाबा, जवा दो ने, सोडा तिला," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तू फक्त ते पान काढ."

त्याचा तो शहाणा सूर मला म्यानापेक्षा जास्त झोंबला. हाताशी पितळेचा तांब्या होता, तो मी त्याच्या तोंडावर फेकला. भुवई फाटली, भिंतीवर रक्त उडालं. तेव्हा आई बाहेर धावत आली. माझ्यासाठी नव्हे.

पान मी काढलं. मारामुळे, असं सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे मी घाबरले. दादा तुरुंगात गेला असता तर या घरात मला कुणी ताट वाढलं नसतं.

तोंडी परीक्षेला हाताला प्लास्टर होतं. जिन्यावरून पडले, असं सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, "दुकान कोणी पेटवलं, काही कळलं का?"

"बाहेरून आलेला जमाव होता, सर."

इतक्या जवळून पाहूनही किती तटस्थ लिहिलंय, असं ते कौतुकाने म्हणाले. त्या वर्षी विभागात ऑनर्स मिळालेली मी एकटीच.

निकालाच्या दिवशी बाबांनी पार शहराच्या टोकाला, समा भागातल्या सोसायटीतल्या नातेवाइकांपर्यंत पेढे पोचवले. घरातला पहिला पेढा दादाने स्वतः माझ्या तोंडात भरवला. "शेवटी आपलीच निघालीस," तो म्हणाला, आणि अगदी प्रेमाने म्हणाला.

मी त्याचं बोट चावलं. तो किंचाळला, बाबांनी माझे केस धरून मागे ओढलं, तरी मी दात सोडले नाहीत. तोंडात रक्ताची चव आली तेव्हा सोडले. पेढा मात्र थुंकला नाही. गिळला.