घरी कोणी नाही

मंडळी, हाक मारली अन् आतून ओ आली नाही, तर घर रिकामं असं तुम्हीपण धरता का?

माझी आर्या सात वर्षांची. कानाच्या मशीनशिवाय तिला काहीच ऐकू येत नाही. त्याची वायर तुटली म्हणून नवी जर्मनीहून मागवली. तोवर तिची शाळा बंद. वायर कुठवर आली ते रोज मोबाईलवर बघायचे: विमानात बसली, मुंबईत उतरली, नगरला आली.

आज दुपारी ओढ्यापलीकडच्या रानात कांदा काढत होते, तर मेसेज आला. 'घरी कोणी नाही. पार्सल परत पाठवत आहोत.'

डोकंच फिरलं! सासूबाई दळणाला गेल्या होत्या, पण आर्या घरातच होती की. तशीच मातीच्या हातानं गाडी काढली अन् पार्सलवाल्याला सोनईच्या फाट्यावर गाठलं.

"घरात पोरगी असताना कोणी नाही कसं लिहिलं?" भर रस्त्यात ओरडले त्याच्यावर.

"ताई, फाटकातून लई हाका मारल्या. कुणी ओच दिली न्हाई."

ती ओ देणार कशी? तिची वायर तर ह्याच्याच पिशवीत होती.

हे सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. पार्सल घेऊन तो माझ्यामागोमाग घरी आला. मी वायर जोडली, मशीन आर्याच्या कानाला लावलं. तो परत फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला अन् तिथूनच ओरडला, "कोन हाय का घरात?"

आर्या गर्रकन वळली.

"मी हाय की!"