औषध नव्हे, टॉनिक

माझ्या प्रबंधाचे एक संपूर्ण प्रकरण एका ‘नाही’वर उभे होते. कन्नडच्या रस्त्याला एका बाईंची कोंबड्यांची शेड आहे. मी त्यांना मावशी म्हणते. ‘कोंबड्यांना औषध देता का?’ या माझ्या छापील प्रश्नाला त्यांनी ठाम नकार दिला होता. औषध न देणारी तेवढी एकच शेड मला मिळाली होती. बाकी सगळ्यांची तुलना मी तिच्याशी करणार होते.

शहरातील प्रयोगशाळेत जिवाणूंच्या जनुकसंचाचे वाचन हाती आले, तेव्हा मावशींच्या कोंबड्यांमधील साल्मोनेला या जिवाणूत टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक निघाले. शेडवर राबणाऱ्यांचेही नमुने आम्ही घेत असू. खुद्द मावशींच्या नमुन्यात जवळजवळ तोच जिवाणू होता. नमुन्यांची अदलाबदल झाली असावी, असे मी गृहीत धरले आणि सगळे पुन्हा तपासले. स्वतःच्या प्रश्नाबद्दल शंका घेणे मला सुचले नाही. निकाल बदलला नाही, तेव्हा एसटीने कन्नड गाठले.

मावशी कोंबड्यांची पाण्याची भांडी भरत होत्या. पाणी पिवळे होते.

“हे काय, मावशी?”

“टॉनिक.”

“तुम्ही तर औषध देत नाही म्हणालात.”

“मंग? औषध आजारी पडल्यावर देत्यात. माझी एक तरी कोंबडी आजारी दिसती का तुमाला?”

मी पाकीट मागून घेतले. नाव टेट्रासायक्लिनच्याच कुळातले होते.

“हे औषधच आहे.”

“आसंल. तुमी टॉनिक इचारलंच नाय की! एवढं शिकल्या, म्याडम, अन् धड इचारता येईना व्हय?”

मी त्यांच्या नमुन्याविषयी सांगितले.

“पर म्या तर टॉनिक पीत नाय.”

“तुम्ही नाही पीत. पण कोंबड्या पितात, आणि त्यांची घाण तुम्ही हातांनी काढता.”

मावशी ओले हात लुगड्याला पुसायला लागल्या, थांबल्या, आणि नळाकडे गेल्या.

परतीच्या एसटीत मी त्यांच्या प्रश्नावलीतील ‘नाही’ खोडून ‘होय’ लिहिले. तुलनेला आता शेड उरली नव्हती. प्रकरणही उरले नव्हते. त्या ‘होय’खाली नवा प्रश्न लिहिला: ‘पाण्यात काय मिसळता? पाकीट दाखवा.’ तो घेऊन प्रत्येक शेडवर पुन्हा जावे लागणार होते.