दुसऱ्यांदा विचारण्याची वाट

नव्वदीच्या त्या वर्षांत लखनौला परदेशी माणूस नोकरी घेऊन येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण सरोजिनी नगरच्या पुढच्या एका कारखान्यात जर्मनीहून यंत्रं आली आणि ती बसवायला एक जर्मन इंजिनियर आला. बाबांच्या ओळखीचे काका तिथे मॅनेजर होते. ते म्हणाले, "दुभाषी हवाय. थोडे दिवस त्याच्याशी बोलून बघ. त्याला पटलीस तर नोकरी तुझी."

मला ती नोकरी हवीच होती. बी.ए. होऊन घरी बसले होते. आईबरोबर अमीनाबादला पडद्याचं कापड बघत हिंडायचं, एवढाच उद्योग. संध्याकाळच्या क्लासात जर्मन शिकले होते, पण बोलणार कुणाशी? आमच्या सरांनीही जर्मनी नकाशातच पाहिला होता.

रोज दुपारी भरगच्च शेअरच्या टेंपोत अंग चोरून बसायचं आणि तो उतरला होता त्या गेस्ट हाउसवर जायचं. वाटेत वाक्यं पुटपुटायचे, शेजारची बाई संशयाने सरकून बसायची. तो बोलायला लागला की मात्र माझी पाटी कोरी. क्लासातल्या कॅसेटवरची माणसं एकेक शब्द सुटा करून बोलायची. हा अर्धे शब्द गिळायचा. मी वाक्य जुळवेपर्यंत हा माझ्यावर दया करून इंग्रजीत शिरलेला. त्या दयेने जीव जळायचा. खुर्चीत टेकून बसवत नसे, पाय हलत राहायचे. कळलं नाही म्हणायची लाज, म्हणून हो हो करत हसायचे. घरी आल्यावर आरशासमोर तेच बोलणं पुन्हा करायचे. तिथे मी फर्डी होते.

एके दिवशी त्याने समोरची फाइल मिटली आणि जर्मनमध्ये विचारलं, "उद्यापासून माझ्याबरोबर कारखान्यात याल का? कामगारांना माझं बोलणं सांगायला?"

शब्द न् शब्द कळला! पण आमच्या घरी पाहुण्याने पहिल्या विचारण्याला चहासुद्धा घ्यायचा नसतो. आधी नको म्हणायचं, मग यजमानाने आग्रह करायचा. त्यात मला लखनौच्या 'पहले आप'चं पाणी लागलेलं. मी अदबीने, अस्खलित जर्मनमध्ये म्हणाले, "नको, मला कुठे एवढं येतं? तुम्ही दुसरं कुणीतरी बघा."

तो थांबला. मीही थांबले, त्याने परत विचारावं म्हणून. त्याने मान डोलावली, स्पष्ट सांगितल्याबद्दल माझे आभार मानले आणि हात मिळवला. मी उगाच पर्सची चेन उघडझाप करत उभी राहिले. तो फोनकडे वळला होता.

संध्याकाळी काकांचा निरोप आला, दिल्लीहून माणूस मागवलाय.

"परत विचारलंच नाही त्याने?" आई म्हणाली. "असा कसा माणूस!"

धाकटा भाऊ म्हणाला, "अरे यार ताई, सीधे हाँ बोल देती ना!"

मला बसवेना. दारापासून गॅसपर्यंत येरझारा घालत राहिले. राग त्याचा आला, आईचा आला, स्वतःचा तर आलाच. इतक्या दिवसांत इंग्रजीत न शिरता तो शेवटपर्यंत जर्मनमध्ये बोलला, ते तेवढ्याच वेळी. माझं तेवढं एकच वाक्य त्याला पहिल्या झटक्यात कळलं होतं.