हार्डबोर्डामागची भिंत

लग्न होऊन मी सोलापुरात आले, तेव्हा आमच्या मागच्या खोलीत उन्हाळ्यात दुपारी बसवत नसे. दगड-मातीची जुनी भिंत, तीही पश्चिमेची. दिवेलागणीलाही हात लावला तर चटका बसायचा. त्याच खोलीत सासऱ्यांची खाट होती. कुंभारीचं शेत थोरल्या मुलाकडं सोपवून ते आमच्याकडं राहायला आले होते, आणि गुडघ्यांमुळं त्यांना गच्चीवर झोपायला जाता येत नव्हतं.

आमचे हे कापडगिरणीत होते. तिथला टाकाऊ सुताचा कचरा ह्यांनी पोत्यांत भरून आणला. भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकल्या, मधे तो कचरा ठासून भरला आणि वरून हार्डबोर्ड मारला, खालपासून पार तुळईपर्यंत. फिका हिरवा रंगही दिला. खोली खरंच निवली. शेजारचे येऊन बोर्डावर तळवा टेकवून बघायचे. सासरे प्रत्येकाला सांगायचे, "माज्यासाठी केलंय पोरानं."

पुढच्या पावसाळ्यात खोलीला कुबट वास यायला लागला. मी फिनेलनं फरशी पुसली, ऊद घातला. वास जाईना. दिवाळीच्या साफसफाईला खाट सरकवली तर मागं बोर्डाला पोट आलेलं. मी जरा दाबून पाहिलं, तर बोट सरळ आत गेलं.

ह्यांनी कडेची पट्टी उचकटली. आतून सुताचा काळा, ओला लगदा धपकन खाली पडला. त्याच्यामागं भिंत म्हणावी असं फारसं उरलंच नव्हतं. माती वाहून दगड उघडे पडले होते, आणि दोन दगडांमधून शेजाऱ्यांच्या अंगणातल्या न्हाणीचं पाणी झिरपत होतं. ती ओल आधीही असणार. पण तेव्हा भिंत खोलीकडून वाळायची. आम्ही ती बंद करून टाकली होती.

मग ह्यांनी वर पाहिलं. स्टुलावर चढून तुळईच्या टोकाला पेचकस लावला. तो मुठीपर्यंत आत गेला. खाली सासऱ्यांची उशी होती.

हे स्टुलावरून उतरले आणि दारात उभ्या असलेल्या वडलांना म्हणाले, "अप्पा, वरनं माती पडत होती का?"

"व्हय. अंथरुणावर पडायची. सकाळी झटकून टाकायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढं मन लावून केलंतं. कसं सांगू?"

हे भिंतीला पाठ लावून तिथंच त्या चिखलात बसले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. सासरेच पुढं झाले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऊठ. आधी टेकू लावायला पायजे."

त्याच दुपारी लाकडाचा टेकू लागला. शेजाऱ्यांनी न्हाणीचं पाणी दुसरीकडं काढलं. सुतारानं तुळईचं टोक बदललं, गवंड्यानं दगडांत चुना भरला आणि भिंत वाळेपर्यंत उघडीच ठेवायला सांगितली. ती वाळायला पुढचा अख्खा उन्हाळा गेला. सासरे तोवर पुढच्या खोलीत आमच्याबरोबर झोपले. मात्र त्यानंतर हे रोज सकाळी त्यांचं अंथरूण स्वतः उचलायचे, आणि घडी घालण्याआधी त्यावरून हात फिरवून बघायचे.